पांढऱ्या काठीची वंशावळ

अंध माणसाच्या हातातली काठी किती जुनी, हे सांगणे अवघड आहे. बहुधा ती रस्त्याइतकीच जुनी असावी. पण आज आपण जिला 'पांढरी काठी' म्हणतो ती मात्र आश्चर्य वाटावे इतकी तरुण आहे. तिचा रंग जेमतेम शंभर वर्षांचा. तिची छातीपर्यंत पोचणारी लांबी ऐंशी वर्षांची. आणि ही काठी घेऊन निघालेल्या माणसासाठी रस्त्यानेही काही करावे, हा विचार साठीच्या आसपासचा. रंग, लांबी आणि रस्ता या तीन गोष्टी निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या माणसांच्या हातून घडल्या. त्यातली एकही मोठ्या सरकारी योजनेतून जन्मली नाही. एक अपघातात दृष्टी गेलेला छायाचित्रकार, एका छोट्या शहरातला व्यापाऱ्यांचा सेवाभावी क्लब, पॅरिसमधली एक खानदानी बाई, लष्करी इस्पितळातला एक सार्जंट आणि जपानमधला एक संशोधक, अशी तिची वंशावळ आहे. ती उलगडत आपण आपल्याकडच्या पदपथापर्यंत येऊ.

आरंभ पुराणकथांपासून करावा लागतो. ग्रीक कथेत तिरेसियस नावाचा द्रष्टा आहे. अथीना देवीच्या कोपाने त्याची दृष्टी जाते. ती परत देणे देवीलाही जमत नाही, तेव्हा ती त्याला पक्ष्यांची भाषा समजण्याची शक्ती देते आणि सोबत एक लाकडी काठी देते. तिच्या आधाराने तो डोळसासारखा चालू लागतो. आपल्याकडच्या कथांची रीत वेगळी. श्रावणबाळ आंधळ्या आईवडिलांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला नेतो. धृतराष्ट्राजवळ संजय बसून युद्ध सांगतो. इथे अंध माणसाला कुणीतरी वाहून नेते किंवा त्याच्यासाठी पाहते, तो स्वतः चालत निघाल्याचे प्रसंग विरळाच. युरोपातल्या चित्रकारांनी मात्र काठी पुष्कळदा रंगवली. पीटर ब्रूगेलने १५६८ मध्ये काढलेले सहा आंधळ्यांचे चित्र आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. एकमेकांच्या काठ्या आणि खांदे धरून रांगेने निघालेल्या या सहांपैकी पहिला खड्ड्यात पडला आहे आणि मागचे त्याच वाटेवर आहेत. चित्र थोर आहे, पण त्यातली काठी वाट शोधण्यासाठी नाही, एकमेकांना धरून ठेवण्यासाठी आहे. शतकानुशतके डोळस समाजाने अंधांकडे असेच पाहिले: पडणारी माणसे म्हणून, किंवा हात धरून न्यायची माणसे म्हणून.

त्यांच्यासाठी व्यवस्था झाली तीही याच दृष्टीने, म्हणजे आश्रयाची. फ्रान्सचा राजा नववा लुई याने १२६० च्या सुमारास पॅरिसमध्ये तीनशे अंधांसाठी आश्रम बांधला. त्याच शहरात पाचशे वर्षांनंतर, १७७१ मध्ये, एका जत्रेत काही अंध वादकांना विदूषकी टोप्या आणि काचा नसलेले चष्मे चढवून लोकांच्या करमणुकीसाठी बसवले होते. ते पाहून व्हॅलेन्टिन आयुई नावाचा गृहस्थ अस्वस्थ झाला आणि १७८० च्या दशकात त्याने अंध मुलांसाठी शाळा काढली. लुई ब्रेल पुढे याच शाळेत शिकला. आयुईच्या शाळेने अंधांच्या बोटांना अक्षरे दिली, संगीत दिले, हस्तव्यवसाय दिले. चालणे मात्र शिकवायचा विषय आहे असे तिथे किंवा नंतरच्या अनेक शाळांत कुणाला वाटले नाही. मुलगा शाळेच्या कुंपणात राहील आणि बाहेर पडला तर सोबत कुणी असेलच, हे गृहीत होते.

त्या काळातही हे गृहीत मोडणारे लोक होते. त्यांच्या मागे शाळा उभी राहिली नाही, म्हणून ते विसरले गेले. इंग्रज आरमारातला जेम्स होल्मन हा त्यांपैकी सर्वांत विलक्षण. जन्म १७८६ चा. पंचविशीत दृष्टी गेली आणि नोकरी सुटली, तेव्हा हा माणूस एकटा जगप्रवासाला निघाला. आफ्रिका, श्रीलंका, हिंदुस्थान, चीन, ऑस्ट्रेलिया असा प्रवास करून त्याने १८३० च्या दशकात प्रवासवर्णनाचे चार खंड प्रसिद्ध केले. धातूचे टोक बसवलेली काठी जमिनीवर आपटून तिच्या आवाजाच्या पडसादावरून तो भिंत, मोकळी जागा आणि वळण ओळखत असे. पुढे १८७२ मध्ये लंडनच्या विल्यम हँक्स लेव्ही या अंध लेखकाने अंधत्वाविषयी एक ग्रंथ लिहिला. काठी कशी वापरावी आणि समोरचा अडथळा चेहऱ्याला कसा जाणवतो, याचा विचार त्यात आहे. काठीचे तंत्र असते आणि ते शिकता-शिकवता येते, याची ही जवळजवळ पहिली लेखी नोंद. ग्रंथ छापला गेला आणि मागे पडला. त्यातला विचार पुन्हा सापडायला सत्तर वर्षे आणि दोन महायुद्धे जावी लागली.

मधल्या काळात रस्ता बदलला. घोडागाडीच्या टापा ऐकू येत, चाकांचा खडखडाट लांबून कळे, आणि घोडा माणसाला पाहून बिचकून थांबेही. मोटारीने हा सगळा हिशेब उलटवला. ती वेगाने येई आणि थांबणे न थांबणे सर्वस्वी चालकाच्या नजरेवर राही. अंध पादचाऱ्याला रस्ता ऐकू येणे आता पुरेसे नव्हते, चालकाला तो दिसणेही आवश्यक झाले. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जेम्स बिग्ज नावाचा छायाचित्रकार राहत होता. अपघातात त्याची दृष्टी गेली होती. घराभोवतीची वाढती मोटारवाहतूक त्याला धोक्याची वाटू लागली, तेव्हा १९२१ मध्ये त्याने आपली हातातली काठी पांढऱ्या रंगाने रंगवून टाकली. ज्ञात इतिहासातली ही पहिली पांढरी काठी. ती एका माणसाची खासगी युक्ती होती. तिच्यामागे ना कायदा होता ना संस्था. म्हणूनच पुढची दहा वर्षे ती ब्रिस्टलबाहेर फारशी गेली नाही.

याच दशकात काठीला एक प्रतिस्पर्धीही भेटला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने आणि स्फोटांनी दृष्टी गमावलेले तरुण हजारोंच्या संख्येने घरी परतले. जर्मनीत ओल्डेनबर्ग येथे १९१६ मध्ये डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची शाळा काढली आणि १९२९ मध्ये ती कल्पना अमेरिकेत रुजली. कुत्रा हुशार, प्रेमळ आणि लोकांच्या कौतुकाचा विषय. पण त्याला खाऊ घालावे लागते, अनेक महिने शिकवावे लागते, आणि बहुसंख्य अंधांना तो परवडत नाही. काठी स्वस्त होती. तिच्यामागे उभे राहणारे कुणी मात्र अजून नव्हते. ते आले अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या पिओरिया या शहरातून.

लायन्स क्लबांची स्थापना १९१७ मध्ये शिकागोत झाली होती. १९२५ च्या जूनमध्ये ओहायो राज्यातल्या अधिवेशनात हेलन केलर यांनी या मंडळींसमोर भाषण केले आणि अंधांचे कैवारी व्हा, असे आवाहन केले. तेव्हापासून दृष्टी हा लायन्सचा विषय झाला. पाच वर्षांनंतर पिओरियाच्या क्लबचे अध्यक्ष जॉर्ज बॉनहॅम यांना एक अंध माणूस काळी काठी हातात घेऊन रस्ता ओलांडू पाहताना दिसला. काळ्या डांबरावर काळी काठी चालकांना दिसतच नव्हती. बॉनहॅम यांनी क्लबपुढे सुचवले की काठी पांढरी रंगवावी आणि तिच्यावर लाल पट्टा ओढावा. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट बिग्जच्या गोष्टीसारखीच विरून गेली असती. क्लबने काठ्या रंगवल्या, वाटल्या आणि नगरपरिषदेकडे ठरावही नेला. १९३० च्या डिसेंबरमध्ये पिओरियाच्या नगरपरिषदेने नियम केला: पांढरी काठी हातात असलेल्या अंध पादचाऱ्याला वाहनांनी आधी जाऊ द्यावे. रंगाला प्रथमच हक्काची जोड मिळाली. पुढच्याच वर्षी लायन्सच्या मध्यवर्ती संघटनेने हा कार्यक्रम उचलला, आणि दोन-अडीच दशकांत अमेरिकेतल्या राज्यांनी एकामागून एक असे कायदे केले. स्थानिक क्लब काय करू शकतो याचे याहून नेमके उदाहरण क्वचित सापडेल. त्यांनी वस्तू दिली आणि त्या वस्तूला मान देणारा नियमही मिळवला.

अटलांटिकच्या पलीकडे त्याच हिवाळ्यात हाच विचार वेगळ्या मार्गाने सुचला होता. पॅरिसमधल्या गीली देर्बमाँ या बाई गर्दीच्या रस्त्यांवर अंधांना अडखळताना पाहत होत्या. वाहतूक पोलिसांच्या हातात पांढरे दंडुके असत आणि त्यांच्या इशाऱ्यावर गाड्या थांबत. मग अंधांच्या हातातही पांढरी काठी का नसावी, असे त्यांना वाटले. त्यांनी एका मोठ्या दैनिकाच्या संपादकांना पत्र लिहिले, दैनिकाने मोहीम चालवली, आणि ७ फेब्रुवारी १९३१ रोजी मंत्र्यांच्या उपस्थितीत समारंभपूर्वक पहिल्या काठ्या दिल्या गेल्या: एक युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकाला आणि एक नागरिकाला. त्यानंतर सुमारे पाच हजार काठ्या वाटण्यात आल्या. फ्रान्सची बातमी ब्रिटनमध्ये पोचली, तिथल्या रोटरी क्लबांनी ती उचलली. एका वर्षात पांढरी काठी दोन खंडांची झाली.

इथे आपण क्षणभर थांबून ही काठी नीट पाहिली पाहिजे. ती साधारण चालण्याच्या काठीएवढी होती: आखूड, जड, लाकडी, वरती बाक असलेली. अंगाच्या पुढे तिरपी धरली की चालकाला दिसे. वाट शोधायला ती फारशी उपयोगाची नव्हती, कारण तिचे टोक पायाच्या जेमतेम पुढे जाई. खड्डा कळेपर्यंत पाय खड्ड्यात गेलेला असे. थोडक्यात, १९३० ची पांढरी काठी होती अंध माणसाच्या हातात, पण घडली होती डोळसांच्या डोळ्यांसाठी. 'मला पाहा आणि सांभाळा' एवढेच ती सांगत होती. अनेक स्वाभिमानी अंधांना ती नकोशी वाटे, ती भिकाऱ्याची खूण वाटे. ब्रिटनमध्ये केवळ ओळख पटवणारी आखूड काठी आजही वेगळी मिळते, आणि वाट काढणारी लांब काठी वेगळी. म्हणजे ही दोन कामे निराळी आहेत हे तिथे काठीच्या आकारातच मान्य केलेले आहे.

दुसरे काम सुरू झाले १९४४ मध्ये, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या व्हॅली फोर्ज लष्करी इस्पितळात. दुसऱ्या महायुद्धातून दृष्टी गमावून आलेले तरुण सैनिक तिथे भरती होते. वीस-बावीस वर्षांची ही मुले काल-परवापर्यंत धावत होती. त्यांना हात धरून चालणे सहन होत नव्हते आणि आखूड काठी म्हणजे म्हातारपण वाटत होते. तिथे रिचर्ड हूव्हर नावाचा सार्जंट नेमला गेला. युद्धापूर्वी तो मेरीलँडच्या अंधशाळेत शिक्षक होता. त्याने डोळ्यांना पट्टी बांधून स्वतः चालून पाहिले आणि काठीचे सगळे माप बदलले. ती छातीच्या हाडापर्यंत उंच केली, हलकी केली, आणि धरायची पद्धत ठरवून दिली. मनगट कमरेसमोर शरीराच्या मध्यावर स्थिर ठेवायचे. काठीचे टोक खांद्यांहून किंचित रुंद अशा अर्धवर्तुळात डावीकडे-उजवीकडे हलवायचे. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे टेकवायचे आणि उजवा पडताना डावीकडे. यामुळे पुढचे पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. पायरी, खड्डा, कडा आणि खांब एका पावलाआधी कळतात. आघाताच्या आवाजावरून फरशी, माती, लोखंडी झाकण ओळखता येते. होल्मन आणि लेव्ही यांना जे अनुभवाने सापडले होते, त्याला आता मोजमाप आणि अभ्यासक्रम मिळाला. हूव्हर पुढे नेत्रतज्ज्ञ झाले, पण इतिहासात त्यांचे नाव काठीमुळे राहिले.

तंत्र सापडले तरी ते शिकवणारे लागतात. १९४८ मध्ये शिकागोजवळच्या हाइन्स येथील माजी सैनिकांच्या इस्पितळात त्यासाठी केंद्र उघडले. फ्रान्सच्या रणांगणावर दृष्टी गमावलेले रसेल विल्यम्स त्याचे प्रमुख झाले. १९६० पासून अमेरिकेतल्या विद्यापीठांत या विषयाच्या पदव्या सुरू झाल्या आणि आज अंधशाळांत ज्याला सुटसुटीतपणे 'मोबिलिटी' म्हणतात तो विषय उभा राहिला. इथे एक मनोरंजक वाद झाला. विद्यापीठांचे म्हणणे असे की चालणे शिकवणारा शिक्षक डोळस असावा, नाहीतर विद्यार्थ्याचा अपघात टळणार कसा? आयोवा राज्यात १९५८ पासून अंधांच्या सरकारी संस्थेचे प्रमुख असलेले केनेथ जर्निगन स्वतः जन्मांध होते. त्यांनी अंध शिक्षक नेमले, काठी आणखी लांब आणि हलकी केली, आणि ज्यांना थोडे दिसते अशांनाही डोळ्यांना पट्टी बांधून शहरभर हिंडायला लावले. त्यांचा मुद्दा सरळ होता: ज्याला स्वतः काठीवर भरवसा आहे तोच दुसऱ्याला तो देऊ शकतो. काठी आता खरोखर अंधांच्या ताब्यात आली.

तिच्यासोबत हक्काची भाषाही आली. अमेरिकेतल्या अंधांनी १९४० मध्ये स्वतःचा राष्ट्रीय महासंघ स्थापन केला. कॅलिफोर्नियातले कायद्याचे जाणकार असलेले अंध प्राध्यापक जेकोबस टेनब्रूक त्याचे अध्यक्ष. अंध माणूस एकटा रस्त्यावर निघाला आणि उघड्या खड्ड्यात पडला, तर न्यायालये पुष्कळदा म्हणत की अशा माणसाने एकटे बाहेर पडणे हाच त्याचा निष्काळजीपणा. टेनब्रूक यांनी १९६६ मध्ये एक दीर्घ लेख लिहून हा युक्तिवाद खोडून काढला. जगात वावरण्याचा हक्क अपंगांनाही आहे; तेव्हा ते रस्त्यावर असणार हे धरूनच रस्ता बांधणाऱ्याने आणि खणणाऱ्याने काळजी घेतली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याआधी, १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकी काँग्रेसच्या ठरावानुसार अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १५ ऑक्टोबर हा पांढरी काठी दिन जाहीर केला होता. आज जगभर पाळला जाणारा दिवस तो हाच. 'मला सांभाळा' म्हणणारी काठी चौतीस वर्षांत 'मी निघालो आहे, वाट मोकळी ठेवा' म्हणू लागली होती.

पण वाट मोकळी ठेवणे वेगळे आणि वाटेने बोलणे वेगळे. रस्त्याला काठीशी बोलायला लावले जपानने. ओकायामा शहरातले सेइइची मियाके यांच्या एका मित्राची दृष्टी कमी होत चालली होती. त्याच्यासाठी मियाके यांनी १९६५ मध्ये उंचवटे असलेली एक फरशी तयार केली: पायाला आणि काठीला जाणवेल, पण चालताना अडणार नाही इतपत उठाव असलेली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर अशा २३० फरशा बसवण्यात आल्या. १९७० मध्ये ओसाकातल्या एका रेल्वे स्थानकाने त्या फलाटावर बसवल्या आणि तिथून त्या देशभर आणि मग जगभर पसरल्या. उभ्या रेघांची फरशी म्हणजे 'पुढे चला', ठिपक्यांची म्हणजे 'थांबा, पुढे वळण किंवा कडा आहे'. अल्पदृष्टी असलेल्यांना दिसावी म्हणून ती पिवळी. मुंबई-पुण्याच्या मेट्रो स्थानकांत जी पिवळी पट्टी आपण रोज ओलांडतो तिचे मूळ गाव ओकायामा.

आता आपल्याकडे वळू. भारतात अंधांसाठी पहिली शाळा १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला काढली. मुंबईत १९०० च्या दुष्काळाच्या काळात अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांना जवळ केले. दादरची कमला मेहता अंधशाळा हे त्याच कामाचे आजचे रूप. १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. याच काळात विदर्भात संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) होते. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या माणसाने शंभराहून अधिक ग्रंथ रचले आणि गावोगाव प्रवास केला. महाराष्ट्राने त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणून पूजले. पण त्यांच्यासारख्या अंधाला गावातल्या रस्त्याने एकटे जाता यावे, असा प्रश्न त्या पूजेतून निघाला नाही. महायुद्धांनी इथेही प्रश्न पुढे आणला. पहिल्या युद्धातल्या जायबंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरी तंत्रशाळा पुढे खडकीला आली. दुसऱ्या युद्धात दृष्टी गेलेल्या भारतीय सैनिकांसाठी १९४३ मध्ये डेहराडूनला केंद्र निघाले आणि स्वातंत्र्यानंतर तिथेच प्रौढ अंधांच्या प्रशिक्षणाची सोय झाली. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल लिपी ठरली. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे सगळ्यांची 'नॅब', स्थापन झाली. १९५५ मध्ये हेलन केलर भारतात येऊन गेल्या. १९५६ मध्ये देशातला पहिला लायन्स क्लब मुंबईतच सुरू झाला, आणि पिओरियाची परंपरा पंचवीस वर्षांनी अरबी समुद्राच्या काठी येऊन पोचली.

तिचा अर्धा भाग मात्र वाटेत राहून गेला. पिओरियाने काठी वाटली आणि नियमही आणला. आपण मुख्यतः वाटप घेतले. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचे अपंग वर्ष. त्याच वर्षी केंद्र सरकारने साहाय्यक साधने वाटण्याची योजना सुरू केली. कुबड्या, श्रवणयंत्रे, तीनचाकी सायकली आणि पांढऱ्या काठ्या यांची शिबिरे जिल्ह्याजिल्ह्यांत भरू लागली. त्यांनी असंख्य लोकांना पहिले साधन दिले, हे नाकारण्यासारखे नाही. गणेश मंडळे, सहकारी बँका, महाविद्यालये, लायन्स आणि रोटरी या सगळ्यांनी त्यात हात दिला. पण शिबिराची रचना काठी हातात देईपर्यंतच असते. घडीची काठी सरसकट एकाच मापाची येते. पाच फूट नऊ इंच उंचीच्या तरुणालाही आणि चौथीतल्या मुलीलाही तीच मिळते. छातीच्या हाडापर्यंतचे माप घेणे हे हूव्हरच्या शोधाचे सार होते, आणि नेमके तेच वाटपात गळून पडते. शिकवायला मोबिलिटी शिक्षक नसला की ती लांब काठी पुन्हा १९३० ची आखूड काठी होते: दिसण्यापुरती, वाट शोधण्यासाठी नव्हे. अंधशाळांत शिकलेल्या मुलांचे बरे असते, कारण तिथे हा विषय शिकवला जातो. खेड्यात राहून चाळिशीत मधुमेहाने किंवा काचबिंदूने दृष्टी गेलेल्या माणसाला मात्र काठी मिळते आणि कोपऱ्यात उभी राहते.

हक्काची बाजू आपल्याकडे उशिरा आणि झगडून आली. १९७० मध्ये भारतातल्या अंधांनी स्वतःचा राष्ट्रीय महासंघ स्थापन केला. १९८० च्या मार्चमध्ये दिल्लीत नोकऱ्यांची मागणी घेऊन निघालेल्या अंधांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठीमार केला आणि देशाचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात रस्ते, सिग्नल आणि वाहतूक यांच्या सोयींचा उल्लेख प्रथम आला, तोही 'आर्थिक क्षमतेनुसार' अशा सवलतीसह. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि सुगम्यता हे बंधन केले. दृष्टिहीन असलेले राजीव रतुडी यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. तिच्यावर २०१७ मध्ये सविस्तर आदेश निघाले, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की सुगम्यतेचे किमान निकष केवळ सूचना राहू शकत नाहीत, ते सक्तीचे असले पाहिजेत. टेनब्रूक यांच्या लेखानंतर अठ्ठावन्न वर्षांनी त्या विचाराला आपल्या देशात एवढे बळ मिळाले.

काठीही या काळात थांबली नाही. आयआयटी दिल्लीत तयार झालेली आणि २०१४ मध्ये बाजारात आलेली 'स्मार्टकेन' साध्या काठीच्या मुठीवर बसते आणि ध्वनिलहरींनी गुडघ्यावरचे अडथळे टिपून हाताला कंप देते. हूव्हरच्या काठीची उणीव हीच होती की ती जमीन वाचते, डोक्याच्या उंचीवरची फांदी किंवा उभ्या टेम्पोचे मागचे फळकूट तिला कळत नाही. काठीच्या बाहेरही काही बदलले. मुंबईच्या लोकल फलाटांवर दिव्यांग डबा जिथे थांबतो तिथे आवाज करणारी यंत्रे बसली. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये रस्तारचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि काही रस्त्यांवर रुंद पदपथ झाले. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा राज्याचा नियम आहे. २०११ च्या जनगणनेने देशात दृष्टीचे अपंगत्व असलेली पन्नास लाखांहून अधिक माणसे मोजली. त्यांच्यासाठी कागदावर आज जितके आहे तितके याआधी कधीच नव्हते.

आणि तरीही आपल्या पदपथावर चालून पाहावे. पिवळी फरशी बसवलेली असते, पण ती विजेच्या खांबाशी, झाडाच्या आळ्याशी किंवा चहाच्या टपरीशी जाऊन संपते. ठिपक्यांच्या जागी रेघा आणि रेघांच्या जागी ठिपके लावलेले दिसतात, कारण बसवणाऱ्या ठेकेदाराच्या लेखी ती नक्षी असते. चुकीची रेघ काठीला खोटे सांगते, आणि खोटे सांगणारी वाट मुकी वाट असण्यापेक्षा धोक्याची. गटाराची झाकणे, दुचाकी, मंडपाचे खांब आणि दोर यांची तर गणतीच नाही. शंभर वर्षांत काठीने आपले काम पुरे केले आहे: तिला रंग मिळाला, लांबी मिळाली, तंत्र मिळाले, कायदा मिळाला, विद्युत कानही मिळाले. मागे राहिला आहे तो रस्ता.

या इतिहासाचा निष्कर्ष काढायचा तर तो असा. पांढऱ्या काठीच्या प्रवासातला प्रत्येक निर्णायक टप्पा एखाद्या गावाने, क्लबने, इस्पितळाने, शाळेने किंवा रस्त्याच्या एका तुकड्याने गाठला. सरकारे आणि न्यायालये मागून आली. म्हणून येत्या १५ ऑक्टोबरला तुमच्या गावातल्या मंडळाने किंवा क्लबने काठीवाटपाचा कार्यक्रम ठरवला असेल, तर त्यात तीन गोष्टींची भर घालावी. काठी देण्याआधी प्रत्येकाचे माप घ्यावे. देणगीतला काही भाग मोबिलिटी शिक्षकाच्या मानधनासाठी ठेवावा आणि शिकवणारा शक्यतो स्वतः काठी वापरणारा असावा. आणि कार्यक्रम संपल्यावर काठीधारकांना सोबत घेऊन बसस्थानकापर्यंतचा रस्ता चालावा, प्रत्येक अडथळा लिहून काढावा आणि ती यादी पाच टक्के निधीचा हिशेब मागत ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत द्यावी. पिओरियाच्या क्लबने १९३० मध्ये काठ्या वाटून पुढे नगरपरिषदेचा दरवाजा ठोठावला होता. आपल्याकडे तेवढेच करायचे राहिले आहे.